तोंडाचा गिलावा

८ जानेवारी, सकाळी ७

ही डायरी मुलीने पाठवली. चिहाया म्हणते, बाबा, रोज चार ओळी लिहा, रिटायर झालेल्या माणसाचं डोकं गंजतं. माझं डोकं गंजलेलं नाही. तरी लिहितो, कारण या वर्षी लिहून ठेवण्यासारखं काहीतरी घडणार आहे.

ठरलं. ३ फेब्रुवारीला, हिवाळा संपवणाऱ्या सेत्सुबुनच्या सणाला, मी गेइशा होणार. पूर्ण गेइशा. पांढरं तोंड, लाल ओठ, विग, किमोनो.

त्या दिवशी आमची सगळी गल्ली सोंगं काढते. म्हातारी पोरगी होते, बाप्या बाई होतो, राक्षस आला तर त्याला कोणी ओळखीचं दिसू नये म्हणून. मी कधी गेलो नाही. तमाए मात्र लग्नाच्या पहिल्या वर्षापासून मागे लागली होती, तुम्ही गेइशा व्हा, मी सामुराई होते. मी म्हणायचो, पुढच्या वर्षी. असं तेहेतीस वेळा म्हटलं असेन. आता मी स्वतःहून करतोय म्हटल्यावर तिला केवढा आनंद होईल.

तमाए ऑक्टोबरपासून ओत्सुला चिहायाकडे आहे. हवापालट. तिथे तळं आहे.

तिच्याकडून पाकीट आलंय. आत वॉर्ड ऑफिसचा छापील फॉर्म. वर ‘घटस्फोट’. तिचं नाव लिहिलेलं, सहीच्या जागी तिचा शिक्का मारलेला. माझं नाव आणि शिक्का बाकी. अर्धाच उघडून बघितला, तेवढा पुरे. बायका रागाच्या भरात असे फॉर्म आणतात. राग गेला की फॉर्म रद्दीत. तूर्त फ्रिजवर मॅग्नेटखाली लावलाय. सेत्सुबुननंतर बघू.

९ जानेवारी

नाटकाच्या सामानाच्या दुकानात जाऊन आलो. पांढरी पावडर, मेणाची वडी, लाल रंग, काळा रंग. दुकानातल्या मुलीने विचारलं, कोणासाठी? म्हटलं, मिसेससाठी. तसं ते खोटं नाही.

तिने ब्रशही पुढे केले. घेतले नाहीत. माझ्याकडे घरी सतरा आहेत.

बेचाळीस वर्षं मी गिलाव्याचं काम केलं. देवळांच्या भिंती, धान्याची कोठारं, चहाघरं. क्योतोतल्या निम्म्या पांढऱ्या भिंतींना माझा हात लागलाय. चेहरा म्हणजे किती? दोन वीत. एका कोपऱ्याचं काम. हातचा मळ.

इंटरनेटवर अकरा मिनिटांचा व्हिडिओ आहे. चार मिनिटं बघितला. पुढचं लक्षात आलं.

१० जानेवारी, दुपार

पहिली ट्रायल. व्हिडिओतली बाई आधी सगळ्या तोंडाला मेण चोळते. हसू आलं. तेलकट भिंतीवर चुना धरत नाही, हे शेंबडं पोरही सांगेल. मेण वगळलं. पावडर पाण्यात कालवली, चार इंची ब्रशने दोन हात मारले.

वाळेपर्यंत उत्तम दिसत होतं. मग मी शिंकलो.

कपाळ उभं तडकलं. गालाचा पोपडा सुटून मिसोच्या सूपमध्ये पडला. दोष हवेचा आहे. जानेवारीत हवा कोरडी. जाणता कारागीर जानेवारीत बाहेरचा गिलावा करत नाही.

उद्या सुट्टी. तोंडाला विश्रांती हवी.

१२ जानेवारी, सकाळी ११

युक्ती सापडली. चुन्याला तडा जाऊ नये म्हणून आम्ही काय घालतो? समुद्रशेवाळाची खळ. शेवाळ उकळायचं, गाळायचं, चुन्यात मिसळायचं. देवळाची भिंत शंभर वर्षं टिकते. मला तर एक दुपार हवीय.

व्हिडिओवाल्या बाईला हे कसं माहीत असणार? तिने भिंत कुठे केलीय.

१२ जानेवारी, संध्याकाळी ५

खळ धरली. एक तडा नाही. आरशात बघून स्वतःचीच पाठ थोपटावीशी वाटली.

तेवढ्यात फोन वाजला. तमाए.

तोंड उघडेना. खळ सुकली की ओढून घेते, तो तिचा गुणच आहे. जबडा जागच्या जागी. तमाए म्हणाली, हॅलो. मी म्हटलं, म्म. ती म्हणाली, फॉर्म मिळाला का? मी म्हटलं, म्म. ती थांबली. मागे कुणीतरी भांडी घासत होतं ते ऐकू येत होतं. मग म्हणाली, तुमचं हे नेहमीचंच. तेहेतीस वर्षं मी भिंतीशी बोलले. आणि ठेवला.

आवाज जरा भरून आल्यासारखा वाटला. म्हणजे माया आहे.

लगेच परत फोन करणार होतो, पण तोंड सुटायला चार वाजले. गरम पाण्याचे टॉवेल ठेवून ठेवून. डाव्या भुवईचा निम्मा भाग खळीबरोबर गेला. आणि फोन करून बोलायचं काय, तेही ठरायला हवं. आधी चेहरा, मग बोलणं. एका वेळी एक काम, हा माझा नियम.

१३ जानेवारी

तमाएला पोस्टकार्ड टाकलं. ‘३ तारीख. दुपारी ३. देवळासमोर. ये.’

सगळं त्यात आलं. पाल्हाळ लावणं मला जमत नाही.

१५ जानेवारी

भुवईसाठी इवाकीच्या सलूनमध्ये गेलो. शाळेपासूनचा दोस्त. गल्लीच्या दुकानदारांचा अध्यक्ष, म्हणून सेत्सुबुनची मिरवणूकही तोच काढतो. भुवई बघून म्हणाला, तोकु, कुणी उपटली रे? सगळं सांगितलं. कात्री खाली ठेवून हसला. डोळे पुसले, परत हसला. खुर्चीतल्या गिऱ्हाइकालाही सांगितलं.

मग म्हणाला, कुशिदा आजीकडे जा. साठ वर्षं नाचणाऱ्या बायकांची तोंडं रंगवलीत तिने.

मी म्हटलं, तमाए बघायला येणार आहे. इवाकी आरशातून माझ्याकडे बघत म्हणाला, हो का? बरं. आणि केर काढायला लागला. गिऱ्हाइकाचे केस अजून अर्धे बाकी, केर कसला काढतोय? म्हातारा होत चाललाय.

१७ जानेवारी

कुशिदा आजीकडे मोचीचा, म्हणजे तांदळाच्या गोड गोळ्यांचा, डबा घेऊन गेलो. वय शहाऐंशी. हात कापतात, जीभ कापत नाही.

माझा चार इंची ब्रश बघून म्हणाली, हे काय आणलंस? म्हटलं, ब्रश. म्हणाली, अरे बाबा, तोंड रंगवायचंय, गोडाऊन नाही. शेवाळाच्या खळीचं सांगितलं तेव्हा तिने डबा उघडून एक मोची तोंडात टाकली आणि ती गिळेपर्यंत काही बोलली नाही.

तिचं म्हणणं, मेण आधी. वडी तळहातात घासायची, ऊब लागून मऊ झाली की पातळ चोळायची, भुवयांवरसुद्धा. मेणाने पांढरं धरतं. मेण नाही तर पांढरं नाही. मी म्हटलं, आजी, तेलावर चुना धरत नाही. ती म्हणाली, तोंड जिवंत असतं रे, ते हलतं, हसतं, त्याला भिंतीचे कायदे कसले लावतोस?

वय झालंय तिचं. पण मान ठेवायचा म्हणून घरी करून बघितलं.

धरलं. एक तडा नाही. अर्थात पावडर चांगल्या प्रतीची आहे.

२० जानेवारी

चेहरा जमत चाललाय. पातळ मेण, मग पांढरं, मग ओल्या स्पंजने थापायचं, पुसायचं नाही. थापणं मला येतंच. डोळ्यांच्या कडेला लाल, त्याच्यावर काळं. खालचाच ओठ रंगवला. पहिल्या वर्षीची शिकाऊ गेइशा खालचाच ओठ रंगवते आणि माझं पहिलं वर्ष आहे. नियम म्हणजे नियम. इवाकीला फोटो पाठवला. त्याने लिहिलं, चौसष्टाव्या वर्षी शिकाऊ, पेन्शन कधी सुरू होणार?

एकच अडचण. पांढऱ्याशेजारी दात पिवळे दिसतात, जुन्या पियानोसारखे. त्या दिवशी तोंड मिटून हसायचं.

पार्सलवाला आला. मी दार उघडलं, तो दोन पायऱ्या खाली गेला. पार्सल शेजारी ठेवून पळाला.

संकल्प: उद्यापासून रोज सकाळी ६ ला प्रॅक्टिस. एकही दिवस खाडा नाही.

२१ जानेवारी

थंडी. खाडा.

२२ जानेवारी

काल खाडा झाल्यामुळे लय तुटली. सोमवारपासून.

२४ जानेवारी

पोस्टकार्डाला उत्तर नाही. हे चांगलं लक्षण आहे. तमाएला एखादी गोष्ट पटली नाही की ती बोलते. पटली की गप्प बसते. शेवटची दोन-तीन वर्षं ती फारच गप्प होती, म्हणजे माझं बहुतेक सगळं तिला पटत असावं.

मग ऑक्टोबरमध्ये दोन बॅगा का भरल्या, हा प्रश्न उरतो. त्या दिवशी मी काय म्हणालो होतो ते आठवून बघितलं. आंघोळीचं पाणी झालं का, एवढंच म्हणालो होतो.

२६ जानेवारी

आजचं नीट लिहायला हवं.

मान राहिली होती. गेइशाची खरी परीक्षा मानेला. मागून पांढरा रंग पाठीपर्यंत उतरवायचा आणि केसांखाली कातडीचे दोन पट्टे कोरे सोडायचे, वरून खाली, टोकदार, अगदी सारखे. बघणारे तोंड बघत नाहीत, मान बघतात. आणि आपली मान आपल्याला दिसत नाही.

दोन आरसे लावून केलं. बेचाळीस वर्षं छतं केल्यामुळे उजवा खांदा मागे वळत नाही. एक पट्टा कानाकडे गेला, दुसरा मणक्याच्या बाजूला झोपला. आजीला दाखवायला मफलर गुंडाळून गेलो. आजीने मफलर काढला. म्हणाली, खेकडा काढायचा होता का?

मी म्हटलं, आजी, मान तुम्ही करा. तिने हात पुढे धरून दाखवले. थरथर, थरथर. सात-आठ वर्षं झाली म्हणाली, ब्रश धरवत नाही.

मी विचारलं, मग दरवर्षी गल्लीतल्या लोकांना रंगवतं कोण?

आजी माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं ऐकू आलं नाही. परत विचारलं.

म्हणाली, तुझी बायको.

अकरा वर्षं. दर गुरुवारी दुपारी तमाए आजीकडे शिकायला येत होती. आधी, आजीचा हात चालायचा तेव्हा, बघून बघून, मग स्वतः, असं आजी म्हणाली. साठ वर्षांत चौदा जणींना शिकवलं, हिच्यासारखा हात एकीचाही नाही. मान तर अशी काढते की गिओनमधल्या खऱ्या गेइशासुद्धा तिला विचारत येतात. सेत्सुबुनला देवळामागच्या खोलीत वीस-वीस माणसांची तोंडं ती एकटी रंगवते.

मी समजत होतो ती गुरुवारी भाजीला जाते.

घरी येऊन हिशेब लावला. सेत्सुबुनला मी काय करत असे? सुट्टी असायची. टीव्हीवर सुमोच्या जुन्या कुस्त्या. तमाए संध्याकाळी यायची, मनगटाला पांढरं लागलेलं असायचं. एकदा मी विचारलं होतं, पीठ मळत होतीस का? ती हो म्हणाली.

काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय. मी दुकानातून पावडर आणतोय, शेवाळ उकळतोय, आणि घरात केवढा मोठा कारागीर! मी भिंतींना पांढरं लावणारा, ती माणसांना. एकाच घरात दोघं, आणि मला पत्ता नाही. पण निराश व्हायचं कारण नाही, उलट आहे. आजीने सांगितलं, या वर्षीही ती येणार आहे, आजीला तिने तसा शब्द दिलाय.

म्हणजे पोस्टकार्ड पोचलं.

२८ जानेवारी

घर साफ केलं. तमाएची गादी उन्हात टाकली. शेजारणीने विचारलं, पाहुणे येणार का? म्हटलं, मिसेस येतायत. ती म्हणाली, अगंबाई. या बायकांना ‘अगंबाई’ म्हणायला काय कारण लागतं?

किमोनो आणि विग भाड्याने आणले. विग म्हणजे सिमेंटची पाटीच आहे.

३ तारखेचा प्लॅन:
सकाळी १०, मेण. ११, पांढरं. दुपारी १, किमोनो. ३.००, देवळासमोर. ३.०५, तमाए हसेल. ३.१०, मी बोलेन. ३.१५, ती मान करून देईल. ४.००, मिरवणूक, दोघं. ६.००, घरी.

मानेचं ‘खेकडा’ प्रकरण त्यामुळे आपोआप मिटतं.

३० जानेवारी

३.१० ला काय बोलायचं?

‘तमाए, माझं चुकलं.’ हे फार मोघम होतं. काय चुकलं विचारलं तर?
‘तमाए, आंघोळीच्या पाण्याबद्दल’ लिहून खोडलं.
‘मला माहीत नव्हतं.’ हे खरं आहे. पण हेच तर तिचं म्हणणं असणार.

चहा केला. दोन कप केले, सवयीने. सवय कसली, तो कायम तीच करायची.

१ फेब्रुवारी

वाक्य तयार झालं. ‘घरी चल.’

आरशासमोर तीनदा म्हटलं. पहिल्यांदा हुकूम वाटला. दुसऱ्यांदा आवाजच आला नाही. तिसऱ्यांदा बरं आलं. यापेक्षा जास्त सुधारायला गेलं तर बिघडेल. कारागिराला कुठे थांबायचं ते कळावं लागतं.

चिहायाचा फोन येऊन गेला. बाबा, आई परवा क्योतोला येतेय, देवळाच्या कामासाठी, म्हणाली. मी म्हटलं, माहितेय. ती म्हणाली, देवळाच्या कामासाठी, बाबा. ऐकलं ना? म्हटलं, ऐकलं की. एकच गोष्ट दोनदा सांगायची सवय तिला आईकडून आली नाही, कुणाकडून आली कोण जाणे.

३ फेब्रुवारी, दुपारी २.३०

चेहरा झाला. आजपर्यंतचा सर्वोत्तम. मेण बरोबर, पांढरं सपाट, डावी भुवई काळ्या रंगाने जागेवर आणली. लाल जरा डोळ्यात गेलंय. मानेवर मफलर.

किमोनो, विग चढवले. बाहीत पेपरमिंट. निघतो.

३ फेब्रुवारी, संध्याकाळी ७

प्लॅनप्रमाणे ३.०० ला देवळासमोर उभा होतो. ३.२० पर्यंत उभा होतो. थंडीने पायांचे तळवे गेले. लोक येऊन फोटो काढत होते. एका आजोबांनी मला खांबाशेजारी उभं करून आपल्या मिसेसना माझ्या बाजूला उभं केलं.

मग मागच्या खोलीत गेलो.

तमाए तिथेच होती. सकाळी नऊपासून. बाह्या दोरीने वर बांधलेल्या, पुढ्यात रंगांच्या वाट्या, समोर स्टुलावर इवाकी. इवाकीला ती सरदारीण करत होती आणि तो काहीतरी बरळत होता आणि ती हसत होती. मोठ्याने, मान मागे टाकून. तिचं हे हसणं मला आठवतं, पण कधीचं ते आठवेना. रांगेत शेवटचे दोन जण. मी तिसरा उभा राहिलो. इवाकी जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून गेला, काही बोलला नाही. त्याचं न बोलणं मला आवडलं नाही.

माझा नंबर आला तेव्हा ती वाटी धुवत होती. न बघता म्हणाली, बसा. बसलो. तिने वर बघितलं. आधी ओळखलं नाही, मग ओळखलं. हे कोणी केलं, म्हणाली. म्हटलं, मी. म्हणाली, हं.

आणि कापसावर तेल घेऊन सगळं पुसून टाकलं. पंचवीस दिवसांचं काम दोन मिनिटांत.

मग तिने मेणाची वडी घेतली, तळहातात घासली आणि दोन्ही हात माझ्या तोंडावर ठेवले.

हे लिहून ठेवतो, कोणी वाचणार नाही. तिचे हात गरम होते. मला रडू येत होतं. लग्न झाल्यापासून तिने माझं तोंड असं दोन्ही हातांत कधी धरलं होतं की नाही, आठवत नाही. धरलं असेल. माझंच लक्ष नसेल. ती म्हणाली, डोळ्यांतून पाणी काढू नका, रेघ पडते.

मी बोलायला तोंड उघडलं. ओठ हलवू नका, म्हणाली. म्हटलं ठीक आहे, शेवटी बोलू. वाक्य तयारच आहे.

ती ब्रश फिरवत होती. एक हात, मग स्पंज, मग दुसरा हात. मी कारागीर आहे, मला कळतं. कपाळापासून हनुवटीपर्यंत एकाही ठिकाणी ब्रश उचलून परत टेकवला नाही. असा हात आमच्यात शेकड्यात एखाद्याला असतो. मला तिला ते सांगायचं होतं. पण ओठ हलवायचे नव्हते.

मग तिने मला पाठमोरं बसवलं, मानेसाठी. खेकडा बघितला असणार, पण बोलली नाही. पुसला. मानेवर गार रंग उतरत होता आणि तिचा चेहरा मला दिसत नव्हता. मागून म्हणाली, पोस्टकार्ड मिळालं.

मी वाट बघितली.

म्हणाली, फॉर्म तुम्हालाही मिळालाय. शिक्का तेवढा राहिलाय.

हे तिने ‘खाली बघा’ म्हणावं तसं म्हटलं. मग खरंच म्हणाली, खाली बघा. बघितलं. ब्रशचं टोक मणक्यावरून खाली गेलं. ती म्हणाली, अकरा वर्षं मी दर सेत्सुबुनला या दाराकडे बघायची, की तुम्ही एकदा तरी डोकवाल. आज आलात. बरं वाटलं, खरंच. दोन वर्षांपूर्वी आला असतात तर मी रडले असते. तेव्हा राग होता. आता राग नाही हो. म्हणूनच फॉर्म पाठवला.

राग गेला की फॉर्म रद्दीत जातो, असं मी इथेच कुठेतरी लिहिलंय.

झालं म्हणाली. पाच मिनिटं वाळू द्या, बोलू नका. मी बाकावर बसून पाच मिनिटं मोजली. उठलो. तोपर्यंत तिच्यासमोर भाजीवाली बसली होती. मी जवळ जाऊन म्हटलं, घरी चल. चांगलं आलं. तिसऱ्यांदा आलं होतं तसंच.

तमाएने ब्रश थांबवला. म्हणाली, मी घरूनच तर आलेय.

टोमणा नव्हता. ती खरंच मला समजावून सांगत होती. भाजीवाली डोळे गच्च मिटून बसली होती, बिचारी.

मिरवणूक झाली. मला पहिलं बक्षीस, साकेची बाटली. इवाकीने माइकवरून सांगितलं, मानेसाठी. सगळे मागून माझे फोटो काढत होते. इवाकीने आपल्या मोबाइलवर मला दाखवली तेव्हा पहिल्यांदा मी माझी मान बघितली. दोन पट्टे. सरळ, सारखे, टोकाला केसाइतके बारीक. बेचाळीस वर्षांत इतकी सरळ रेघ माझ्या हातून गेली नाही. तिला ते सांगायला परत खोलीकडे गेलो. खोली झाडून बंद केली होती. आजी बाहेर बसली होती, म्हणाली, पाचच्या गाडीने गेली.

येताना सेत्सुबुनचे सुशीचे रोल घेतले. दोन सांगून ठेवले होते, ते घ्यावेच लागले. रोल शुभ दिशेकडे तोंड करून, एक शब्द न बोलता खायचा असतो. ते मला जमतं. दुसराही तसाच खाल्ला.

तोंड अजून धुतलेलं नाही.

४ फेब्रुवारी, सकाळी ९

पंचांगात आजपासून वसंत. बाहेर बर्फ.

उशीला पांढरं लागलंय. तेलाने तोंड धुतलं. मान धुवायला हात पोचेना, टॉवेल दोन्ही टोकांनी धरून मागे घासला. पट्टे आधी गेले की पांढरं आधी गेलं, कळायला मार्ग नाही.

फ्रिजवरचा फॉर्म काढला आणि पूर्ण उघडला. खालच्या बाजूला दोन साक्षीदारांच्या जागा असतात, हे मला माहीत नव्हतं. एक सही चिहायाची. दुसरी कुशिदा आजीची, थरथरत्या अक्षरात. पाकीट ८ तारखेला आलं, मोची मी १७ ला नेली. म्हणजे माझ्या तोंडावर मेण कसं चोळायचं ते शिकवताना आजीला सगळं माहीत होतं. मग शिकवलं कशाला? कदाचित मी एकदा तरी त्या खोलीपर्यंत पोचावं म्हणूनच.

नाव लिहिलं. ओगिनो तोकुजी. अक्षर बरं आलं.

सकाळी १०

शिक्का सापडत नाही. कपाट, टेबल, औषधांचा डबा, सगळं बघितलं. घरातल्या कुठल्याही कागदावर शिक्का तमाएच मारायची. तो कुठून आणते, ते मी कधी विचारलं नाही.

सकाळी ११.२०

अजून नाही.

दुपारी १२

चिहायाला फोन केला. म्हटलं, शिक्का सापडत नाहीये. तिने फोन बाजूला धरून विचारलं, आई, बाबांचा शिक्का कुठेय? मागून तमाएचा आवाज आला. जिन्याखालचं कपाट, दुसरा ड्रॉवर, मोज्यांच्या खाली, लाल डबीत. एका दमात, न आठवता. मग म्हणाली, आणि त्यांना सांग, शाईच्या पॅडचं झाकण नंतर नीट लावा, नाहीतर वाळते.

चिहायाने सांगितलं. मी म्हटलं, ऐकलं.

तिथेच होता. मारला. झाकण लावलं.